तोंडात खिळे धरणारा

आमच्या घरात हळू बोलणारं माणूस नाही. आमच्या ह्यांनी पाणी मागितलं तरी गल्लीच्या टोकापर्यंत कळतं, आणि मी त्यांच्या वरताण. अशा घरात एकच गप्प माणूस निपजला, तो माझा धाकटा दीर. त्याला सगळे मौनी म्हणतात. तो मुळातच अबोल होता का, ते देव जाणे. त्याचं तोंड कायम खिळ्यांनी भरलेलं असायचं, एवढं मात्र मी सांगू शकते.

हसू नका. आमचा धंदा जुने सोफे नि खुर्च्या नव्याने भरून द्यायचा. खाली कारखाना, वर आम्ही राहतो. सोफा भरणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्यात हातोडी. मग खिळा घ्यायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या टोकाला चुंबक असतं त्याने तो उचलायचा आणि ठोकायचा. माझे सासरे असंच करायचे, आमचे हेही असंच करायचे. पण मौनीचा हात बघत राहावा असा होता. टक, टक, टक, नुसती रांग लागायची. लोक मूग गिळून गप्प बसतात, हा खिळे धरून बसायचा.

सासऱ्यांनी घातलेला नियम असा की ज्याच्या तोंडात खिळे आहेत त्याने बोलायचं नाही, आणि दुसऱ्यानेही त्याला बोलतं करायचं नाही. खिळा घशात गेला तर काय घ्या! त्यामुळे मौनीशी दिवसभर कुणी बोलतच नसे. मान हलवली की हो, भुवई उचलली की नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता. सासूबाई लवकर गेल्या, मग त्याच्या शर्टाची बटणं नि तापाची औषधं माझ्याकडेच आली. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यामुळे दीर म्हणा, लेक म्हणा, तोच एक.

कामात मात्र महा चिकट. एका खुर्चीच्या कोपऱ्याची चुणी जराशी तिरकी आली म्हणून सगळं कापड उसवून त्याने पुन्हा बसवलं होतं. गिऱ्हाईक म्हणत होतं, अहो चालेल. हा भुवई उचलून नाही म्हणत होता.

आणि मग आली ती. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिथल्या स्टुलांच्या गाद्या भरून घ्यायला आली, न्यायला आली, आणि नंतर त्यातलंच एक स्टूल पुन्हा घेऊन आली, म्हणे बसताना टोचतं. मी मशीनवर खोळी शिवत होते, मला काय कळत नव्हतं होय? ती दारात दिसली की मौनी सगळे खिळे तळहातावर थुंकायचा आणि चक्क बोलायचा! आमचे हे तर बघतच राहिले. सख्ख्या भावासाठी कधी तोंड रिकामं केलं नव्हतं पठ्ठ्याने. पुढे ती माझी जाऊ झाली, तिला मी धाकटी म्हणते. त्यांची लेक म्हणजे आमची छोटी. लग्नानंतरही तीच तऱ्हा. धाकटी जिना उतरून कारखान्याच्या दारात आली की टकटक थांबायची.

पहिला झटका आला तो आमच्या ह्यांना. सकाळी न्हाणीघरात कोसळले. डावा हात नि डावा पाय गेला. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दिव्यावर धरून दाखवला. अक्रोडाएवढा डाग होता. घरी भेटायला येणारे दारातच डोळ्यांना पदर लावायचे. पण तीन-चार महिन्यांत हे कारखान्यात खुर्चीवर येऊन बसले आणि बसल्या जागेवरून सगळ्यांचा उद्धार करायला लागले. कोणत्या गिऱ्हाइकाने कोणतं कापड निवडलं होतं, ते सगळं तोंडपाठ. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. हात चालत नव्हता, डोकं धडधाकट.

पुढच्याच वर्षी मौनीची पाळी आली. भर दुपारी तो कापडाच्या गठ्ठ्यावर बसला आणि त्याचे डोळे मिटायला लागले. हाक मारली की उघडायचे, पुन्हा मिटायचे. धाकटीने तोंडावर पाणी मारलं तर म्हणाला, "आई कुठे गेली?" सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली होती! तसाच दवाखान्यात नेला. पण चार दिवसांत स्वतःच्या पायांनी घरी आला. हातपाय धड, चेहरा धड, बोलणं धड. वॉर्डातले डॉक्टर जाता जाता म्हणाले, "अगदी लहानसा डाग आहे, मसुराच्या डाळीएवढा. नशीबवान आहात." सगळी गल्ली म्हणाली, मोठ्याचं बघा नि ह्याचं बघा, थोडक्यात निभावलं. धाकटी तर हसत हसत रडत होती.

तो लगेच कामावर बसला. मान खाली, तोंडात खिळे, टक, टक, टक. दुसऱ्या कुणाच्या घरी असता तर आठ दिवसांत कळलं असतं. बडबड्या माणूस गप्प झाला की घरचे विचारतात, काय रे बाबा, काय झालं? आमचा आधीच गप्प. त्याला कोण विचारणार?

कळलं ते गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या सोफ्यामुळे. बाई अंगाने भरभक्कम. हिरवं कापड, कोपऱ्यांच्या चुण्या अशा की दृष्ट लागावी. बाई म्हणाल्या, "बसून बघू तरी," आणि बसल्या त्या थेट तळाला गेल्या. पाय वर! मी नि धाकटीने दोन बाजूंनी धरून त्यांना उपसून काढलं. उलटा करून बघतो तर सोफ्यात स्प्रिंगांखालचे पट्टे नाहीत, स्प्रिंगा नाहीत. नुसत्या लाकडाच्या सांगाड्यावर गोणपाट ठोकलं होतं, त्यावर फोम आणि त्यावर ते देखणं कापड. स्प्रिंगांचं पोतं त्याच्या मांडीशीच होतं.

"अरे गाढवा, स्प्रिंगा कुठायत?" हे गरजले.

मौनीने पोत्याकडे बघितलं. खिळे हातात घेतले आणि म्हणाला, "राहिल्या वाटतं." एवढंच बोलून पुन्हा बसला. ना शरम, ना घाई. एका तिरक्या चुणीसाठी अख्खं कापड उसवणारा माणूस तो! बाई हसल्या म्हणून मीही हसले.

पण त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. हे म्हणायचे, "पट्टे लाव." तो सुरेख पट्टे लावायचा आणि थांबायचा. "आता स्प्रिंगा बांध." बांधायचा आणि थांबायचा. हे कुणाशी बोलत राहिले की हा हातोडी हातात धरून तसाच बसून. काल काय केलं ते आज आठवत नसे. कारखान्यात एक वेळ भागत होतं, कारण तिथे ओरडायला माझा नवरा होता. वर घरात कोण ओरडणार? अंघोळ करा म्हटलं तर अंघोळ. झोपा म्हटलं तर झोप. लोक त्याला सांगकाम्या म्हणायला लागले. मी एकाला दारातून हाकलला त्यापायी.

मग छोटी पडली. जिन्याच्या वरच्या पायरीवरून गडगडत खाली आली, कपाळ फुटलं. मौनी खालच्याच पायरीवर बसला होता. लेक समोर रक्ताने माखून रडतेय आणि हा बघतोय. धाकटी वरून किंचाळली, "अहो, उचला तिला!" तेव्हा त्याने लगेच उचलली. अगदी अलगद, मानेखाली हात घालून. तिथेच सगळं बिनसलं. उचलता येत होतं, मग आधी का नाही उचललं?

"ताई, दगडाशी संसार किती दिवस करू?" ती माझ्या मशीनशेजारी येऊन बसली. "पूर्वी मी दारात आले की खिळे थुंकायचे. आता मी समोर उभी राहते, माझ्याकडे बघतात, आणि हातोडी चालूच. मनातून उतरले मी त्यांच्या."

"अगं, आजारातून उठलाय तो."

"कसला आजार? मसुराएवढा! दादांचं अर्धं अंग गेलं, तरी तुम्हाला हाका मारल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. आणि ह्यांना काय झालंय? काही नाही. मीच नकोय."

दादांचं ती म्हणाली ते खरंच होतं. आमचे हे शिव्या देता देता धड हाताने माझा हात धरून बसतात. धाकटीने भावाला फोन केला. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. छोटीलाही नेणार होती. मला भीती वाटली, उघडच सांगते. घरातलं एकुलतं एक पोर जाणार, मौनीला आम्ही दोघं म्हातारे किती दिवस पुरणार, आणि ह्या माणसाला आपण काय गमावतोय ते समजणारसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी मी हाक मारली, "चला जेवायला." तो उठला, हात धुऊन पानावर बसला, घास घेतला आणि चावला. कर्र्र असा आवाज आला. मला वाटलं खडा आला. तेवढ्यात त्याच्या ओठाच्या कडेने रक्ताची धार आली आणि माझ्या लक्षात आलं.

"थुंक! अरे मेल्या, थुंक आधी!"

त्याने मुकाट्याने ताटात घास थुंकला. त्यात खिळे, रक्त, सगळं. मी जेवायला चला म्हटलं होतं. खिळे काढा असं म्हटलं नव्हतं. त्यातला एक खिळा पोटात गेला होता का, ते त्याला विचारलं तर म्हणाला, "गेला असेल." धाकटी भिंतीला टेकून खाली बसली.

दवाखान्यात पोटाचा फोटो काढला. होता, एक खिळा आत होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. आधीचे कागद मागितले. आता आमच्याकडे दोघा भावांचे फोटो एकाच पिशवीत. त्यांनी पहिला दिव्यावर लावला आणि मौनीकडे बघून म्हणाल्या, "ह्यांचा डावा हात चालतो?"

"बाई, तो माझ्या नवऱ्याचा. हा नव्हे."

मग त्यांनी मौनीचा शोधून शेजारी लावला. बराच वेळ दोन्ही बघत राहिल्या. नंतर खुर्ची ओढून मौनीसमोर बसल्या. "प्राण्यांची नावं सांगा बरं, आठवतील तेवढी."

"गाय," मौनी म्हणाला आणि थांबला.

त्या थांबल्या. आम्हीही थांबलो.

"अजून?"

"म्हैस."

"अजून?"

"घोडा." दर वेळी विचारावं लागत होतं. सुरुवातीला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातला एकही नंतर आला नाही. धाकटी त्याच्या तोंडाकडे असं बघत होती जसं पहिल्यांदाच बघतेय.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या डागावर बोट ठेवलं. "हा मोठा आहे, पण हातापायांकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. म्हणून हातपाय गेले, डोकं शाबूत राहिलं." मग लहान डागावर. "आणि हा एवढासा. पण हा मेंदूच्या अगदी मधोमध आहे, आत खोल, डाव्या अंगाला. आठवण, लक्ष, आपण होऊन काही करायला उठणं, ह्या सगळ्याच्या वाटा इथून जातात. डाग केवढा आहे ह्यापेक्षा कुठे पडलाय ते बघावं लागतं. हातपाय चालतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नशीबवान आहात, असं सांगितलं," धाकटी म्हणाली.

मग धाकटीने जे विचारलं ते मला अजून आठवतं. "म्हणजे मी त्यांच्या मनात आहे की नाही?"

"ते फोटोत दिसत नाही हो," बाई हळूच म्हणाल्या. "ते रुसलेले नाहीत, एवढं मी सांगते. त्यांना सुरुवात करता येत नाही. थोडं सुधारेल. किती, ते आज सांगता यायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका. रोज तेच काम, त्याच वेळी, त्याच माणसाने करवून घ्या, त्याने फरक पडतो." खिळा दोन-तीन दिवसांत आपोआप बाहेर येईल, पण लक्ष ठेवा आणि पोट दुखलं तर ताबडतोब आणा, असं बजावून त्यांनी आम्हाला सोडलं.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी धड हाताने लुळा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "सोफ्याची पाठ हातभर फाटली तरी माणूस त्यावर बसतो गं. स्प्रिंगांची मधली गाठ सुटली की बाहेरून काही दिसत नाही. मला कळायला हवं होतं. गाढव म्हटलं मी त्याला." आणि माझा वाघासारखा नवरा हुंदके द्यायला लागला. थोड्या वेळाने त्यांनी मौनीला बोलावलं. धाकटी समोरच होती. "तिला सांग, जाऊ नकोस."

"जाऊ नकोस," मौनी म्हणाला.

"दादा, तुम्ही सांगितलंत म्हणून म्हणाले ते," धाकटी म्हणाली. "जा म्हणा सांगितलंत तर जा म्हणतील." आणि ती वर निघून गेली. तिचं चुकलं असं मला म्हणवेना.

भावाला मात्र तिने रविवारी येऊ नको म्हणून कळवलं. खिळा पडेपर्यंत थांबते, म्हणाली. म्हणजे आमच्या घराचं सगळं भवितव्य एका खिळ्यावर आलं. देवा, मला माफ कर, पण मी मनात म्हणत होते, बाबा रे, सावकाश ये, काही घाई नाही.

तोंडात खिळे धरणं ह्यांनी बंद केलं. समोर वाटी ठेवली. पण मौनीचा हात वाटीकडे जाईना. एकेक खिळा घे म्हणून सांगावं लागे, चार खिळ्यांनंतर तो नुसता बसून राही. रिकामा बसलेला मौनी बघवत नव्हता. शेवटी ह्यांनीच मूठभर खिळे त्याच्या हातावर ठेवले, आणि हात आपोआप तोंडाकडे गेला. टक, टक, टक. डॉक्टरीणबाईंना हे सांगू नका. नियम तेवढा बदलला. जेवायच्या वेळी कुणीतरी त्याच्या तोंडापुढे तळहात धरायचा, थुंक म्हणायचं, आणि तोंड उघडून बघायचं. हे काम धाकटीने घेतलं. "जाईपर्यंत करते," म्हणाली. रोज दुपारी ती जिना उतरायची, ओंजळ धरायची, "थुंका" म्हणायची. तो थुंकायचा. ती ओले खिळे वाटीत टाकायची आणि त्याला वर घेऊन जायची.

खिळा पडला. मौनीला काहीही न होता पडला, ही देवाची कृपाच. पण धाकटीने पुन्हा फोन केला. भाऊ येतो म्हणाला. मी थांब म्हटलं नाही. मरेपर्यंत रोज कुणाच्या तरी तोंडापुढे हात धर, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

तो दिवस आला. दुपारी बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. धाकटी वर बॅग भरत होती. जेवायची वेळ झाली, म्हणून मी मशीन सोडून उठले. आता हे माझंच काम होतं. मौनीसमोर जाऊन तळहात धरला आणि म्हटलं, "थुंक रे बाबा."

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. हातोडी खाली ठेवली आणि उठला. माझ्या हाताला वळसा घालून, ह्यांच्या खुर्चीजवळून पुढे गेला. हे ओरडणारच होते, मी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तोंडात खिळे आहेत, दचकला तर गिळेल! मौनी कठड्याला धरून जिना चढायला लागला. मी पावलांचा आवाज न करता मागोमाग.

वर धाकटी बॅगेची चेन ओढत होती. छोटी बूट घालून तयार. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, ओठ घट्ट मिटलेले.

तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पाठवलंत?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग दादांनी?"

"मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलोय!" खालून हे ओरडले.

धाकटीने चेन सोडली. मग तिने दोन्ही हातांची ओंजळ त्याच्या हनुवटीखाली धरली. थुंका म्हणाली नाही. त्याने खिळे थुंकले, आणि आपणहून तोंड उघडून दाखवलं, लहान मूल दाखवतं तसं.

"सवय झालीय ताई, दुसरं काही नाही," ती म्हणाली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तशीच रडत होती. खाली पुन्हा हॉर्न वाजला. तिने मूठ मिटली आणि लेकीला म्हणाली, "बूट काढ गं."

मी खाली गेले आणि तिच्या भावाला सांगितलं, गाडी बंद कर आणि जेवायला वर ये.